बोन्साय संग्रह बघायला जाताना: सुरुवात मुळांपासून

उद्यानातला बोन्साय संग्रह बहुतेक जण वीस मिनिटांत उरकतात. प्रत्येक झाडापुढे दोन-तीन सेकंद थांबायचं, पाटीवरचं वय वाचून "बाप रे" म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुढे सरकायचं. बाहेर आल्यावर साठ झाडांतलं एकही धड आठवत नाही. यात बघणाऱ्याची चूक थोडी, सवयीची जास्त. झाड दिसलं की नजर पानांकडे जाते, आणि बोन्सायमध्ये पानं ही सगळ्यांत नवी, सगळ्यांत कमी बोलणारी गोष्ट. खरं काम असतं ते बुंध्यात, मुळांत आणि फांद्यांच्या जोडांत. ते दिसायला लागलं की पाच झाडांत तासभर सहज जातो.

कधी जायचं

उद्यान पहाटे उघडत असलं तरी बोन्साय विभाग तेव्हा उघडा असेलच असं नाही. तो बहुधा स्वतंत्र कुंपणात असतो आणि त्याचं फाटकही वेगळं. कारण उघड आहे: पन्नास वर्षं सांभाळलेलं झाड दोन हातांत उचलून नेता येतं, आणि अशा चोऱ्या झालेल्या आहेत. शिवाय बऱ्याच ठिकाणी देखभाल स्वयंसेवकांच्या बळावर चालते. अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या लेक मेरिट तळ्याकाठची बोन्साय बाग हे त्याचं चांगलं उदाहरण. माणसं मोजकी असली की वेळही मोजकीच मिळते. म्हणून उद्यानाची वेळ बघून निघू नका, बोन्साय विभागाची वेळ वेगळी विचारून घ्या. विचारताना आणखी एक प्रश्न जोडा: "स्वयंसेवकांचा कामाचा दिवस कोणता?" त्या दिवशी गेलात तर तार बांधणं, शेंडे खुडणं, कुंडी बदलणं प्रत्यक्ष बघायला मिळतं, आणि हातात कात्री असलेला माणूस प्रश्नांना खुशीने उत्तरं देतो.

ऋतू कुठला निवडायचा हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. फुलांसाठी आणि शरदातल्या रंगांसाठी गर्दी होते, पण शिकायला जायचं असेल तर पानझडी झाडं निष्पर्ण असतानाच जा. मेपल, एल्म, हॉर्नबीम यांचा सगळा सांगाडा तेव्हा उघडा असतो: कुठे कापलं, कुठून नवी फांदी काढली, बारीक काड्यांचं जाळं किती वर्षांत झालं, सगळं दिसतं. भर उन्हाळ्यात तेच झाड हिरवा गोळा वाटतं. फक्त कडाक्याची थंडी पडते तिथे झाडं हिवाळ्यात आडोशाच्या शेडमध्ये हलवलेली असू शकतात आणि ती शेड सगळ्यांसाठी खुली नसते. तेही आधीच विचारा. उष्ण कटिबंधातली झाडं, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातले फायकस वगैरे, थंड ठिकाणी काचघरात असतात. त्यांच्यासाठी ऋतूचा प्रश्न येत नाही.

दिवसातली वेळ: उघडल्या उघडल्या, नाहीतर ढगाळ दिवशी कधीही. डोक्यावरच्या उन्हात वरची पानं पांढरी पडतात, बुंधा काळोखात जातो आणि नेमकं बघायचं तेच दिसत नाही. सकाळी पाणी घालणं चालू असेल तर जमीन निसरडी असते. रबरी तळाच्या चपला-बूट बरे.

बरोबर काय, घरी काय

पाठीवरची सॅक घरी ठेवा, निदान फाटकापाशी काढून पोटाशी धरा. अशा संग्रहांत नुकसान खोडसाळपणाने कमी आणि सॅकने जास्त होतं. माणूस एका झाडाकडे बघता बघता वळतो, आणि मागच्या फळीवरच्या झाडाची फांदी सॅकला लागून मोडते. त्याला कळतही नाही. लोंबणारी ओढणी, छत्री, कॅमेऱ्याचा पट्टा, रुंद काठाची टोपी यांचंही तसंच. छोटी वही आणि पेन्सिल मात्र न्या. जवळचं दाखवणारी छोटी दुर्बीण असली तर फारच उत्तम, कारण दोरीच्या आत न वाकता सालीवरच्या खुणा बघता येतात.

हात लावायचा नाही, हे पाटीवर लिहिलेलं असतं. का लावायचा नाही हे क्वचित लिहिलेलं असतं. वसंतात पाइनच्या फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात. ते इतके ठिसूळ असतात की बोट लागलं तरी टचकन मोडतात, आणि त्या टोकाची त्या वर्षाची वाढ गेली. कुंडी जराशी हलवली तर नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाची नवी मुळांची टोकं आतल्या आत तुटतात. वरून काही दिसत नाही, झाड महिन्याभराने खंगतं. मातीवर तपकिरी ढेकळं किंवा चहाच्या पुड्यांसारख्या पिशव्या दिसल्या तर तो कचरा नव्हे, सावकाश झिरपणारं खत आहे. मुलं ती नेमकी उचलतात.

बघायचा क्रम

आधी सगळ्या संग्रहातून एक फेरी मारा, न थांबता, दहा मिनिटं. पाट्या वाचू नका. जी झाडं पाय अडवतील त्यांच्या जागा लक्षात ठेवा आणि त्यांतली पाचच निवडा. पाटी आधी वाचली की वय डोळ्यांवर चढतं. चारशे वर्षं म्हटल्यावर कुठलंही झाड भारी वाटू लागतं.

आता निवडलेल्या झाडापासून दोन-अडीच मीटर लांब उभे राहा. नुसती आकृती बघा: झाड कुठल्या बाजूला झुकतंय, शेंडा बुंध्याच्या पायथ्यावर येतो की बाहेर जातो. मग जवळ या आणि गुडघ्यात वाका. डोळे बुंध्याच्या मधोमध उंचीला आले पाहिजेत. ही एक गोष्ट केली नाही तर बाकी सगळं वाया. फळ्या बहुधा कमरेइतक्या उंच असतात, त्यामुळे उभ्या माणसाला झाड वरून दिसतं आणि वरून कुठलंही बोन्साय झुडूपच दिसतं. योग्य उंचीवरून तेच झाड माळरानावरच्या मोठ्या वृक्षासारखं समोर उभं राहतं. बोन्सायला पुढची बाजू ठरलेली असते आणि शेंडा बघणाऱ्याकडे किंचित कललेला ठेवतात, म्हणजे झाड आपल्यावर छाया धरून आहे असं वाटतं. हा कल वरून कधीच कळत नाही. वाकणं जमत नसेल तर बसता येईल असा बाक कुठल्या झाडासमोर आहे ते बघा आणि ते झाड निवडा.

समजा, समोर हातभर उंचीचा ट्रायडंट मेपल आहे. सुरुवात मातीपासून. बुंध्यातून बाहेर पडणाऱ्या, मातीवर दिसणाऱ्या मुळांच्या पसाऱ्याला जपानी भाषेत नेबारी म्हणतात. चांगल्या नेबारीत मुळं सगळ्या दिशांना पसरलेली असतात, एकमेकांवर चढलेली नसतात आणि नेमकी बघणाऱ्याच्या रोखाने भाल्यासारखी आलेली नसतात. मेपलमध्ये ती वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळून वितळलेल्या मेणासारखी एक बशी होते. ही बशी आपोआप होत नाही. दर वेळी कुंडी बदलताना खाली जाणारी जाड मुळं कापायची आणि आडवी तेवढी राखायची, असं अनेकदा केल्यावर ती तयार होते. एका बाजूला मुळंच नसतील तर झाड खुपसल्यासारखं वाटतं. ही उणीव मोठमोठ्या संग्रहांतल्या झाडांतही सापडते, शोधा.

मग नजर बुंध्यावरून वर न्या. खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला बुंधा हा बोन्सायमधला सगळ्यांत अवघड भाग आहे. कुंडीत वाढणाऱ्या झाडाचा बुंधा फारसा जाड होतच नाही. म्हणून आधी झाड जमिनीत मोकळं वाढवतात, मग बुंधा आखूड कापतात, कापाजवळच्या एका कोंबाला नवा शेंडा करतात, तो वाढला की पुन्हा कापतात. प्रत्येक काप म्हणजे एक वळण आणि एक पायरी बारीक. आता एक पाऊल बाजूला सरका आणि पाठीमागची बाजू बघा: हे कापांचे व्रण तिकडे लपवलेले असतात. ताजा व्रण उघडं लाकूड दाखवतो, जुन्या व्रणावर कडेने साल गुंडाळत आलेली असते, आणि पूर्ण भरलेल्या व्रणाची नुसती सुरकुती उरते. एका मेपलवर असे तीन-चार टप्पे एकाखाली एक दिसले की त्याचा इतिहास पाटीपेक्षा जास्त कळतो.

फांद्यांचा ढोबळ नियम असा: पहिली फांदी उंचीच्या सुमारे एक तृतीयांशावर, दुसरी थोडी वर आणि विरुद्ध बाजूला, तिसरी मागे. मागची फांदी खोली देते. ती नसेल तर झाड कागदावर चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. खालच्या भागात पुढे येणारी फांदी ठेवत नाहीत, बुंधा झाकू नये म्हणून. सूचिपर्णी झाडांच्या फांद्या खाली कललेल्या असतात, कारण डोंगरावरच्या म्हाताऱ्या झाडांवर बर्फाचं ओझं असतं. जो नियम मोडलेला दिसेल तिथे जास्त थांबा. बहुतेक वेळा नियम मोडण्याचं कारण खोडातच असतं.

मग कुंडी. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या पायथ्याच्या जाडीइतकी, असं माप धरतात. पाइन, जुनिपर अशा सूचिपर्णी झाडांना बिनझिलईची तपकिरी-करडी कुंडी. फुलं, फळं आणि रंग बदलणारी पानं असतील तर झिलईची रंगीत. कुंडी आधी डोळ्यांत भरली तर निवड चुकली म्हणायची.

आकारांची नावं

सगळी पाठ करायची गरज नाही, पाच-सहा पुरेत. चोक्कान म्हणजे काठीसारखा सरळ बुंधा, मोयोगी म्हणजे वळणं घेत पण शेवटी उभा. शाकान कललेला. केनगाई कड्यावरून कोसळल्यासारखा, ज्याचं टोक कुंडीच्या तळाच्याही खाली जातं. टोक कुंडीच्या काठाखाली पण तळाच्या वर असेल तर हान-केनगाई. होकिदाची उलट्या खराट्यासारखा. योसे-उए म्हणजे एका तबकात लावलेलं वन: त्यात झाडं बहुधा विषम संख्येत आणि कुठूनही तीन बुंधे एका रेषेत येऊ नयेत असे लावलेले असतात. बुनजिन हा बारीक, उंच, मोजक्या पानांचा प्रकार पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून लोक त्याच्यापुढेच रेंगाळायला लागतात.

पांढरं लाकूड, तारा आणि "छळ"

जुनिपरवर हाडासारखं पांढरं लाकूड दिसतं. मेलेल्या फांदीला जिन म्हणतात, बुंध्यावरच्या मेलेल्या पट्ट्याला शारी. कधी ते निसर्गात वीज, वारा, बर्फ यांनी झालेलं असतं, कधी माणसाने साल सोलून केलेलं असतं. कुजू नये म्हणून त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात, पांढरेपणा त्याचा. अशा झाडात सालीची जिवंत पट्टी कुठून कुठे जाते ते बोट न लावता नजरेने शोधा: मुळापासून निघून वळसे घेत ती एखाद्या हिरव्या फांदीपर्यंत पोचते. कधी कधी चार बोटं रुंदीची ती पट्टी अख्खं झाड जगवत असते.

तारा दिसल्या की "बिचारं झाड" हा उद्गार ठरलेला. तार फांदीला आवळत नाही, नवी दिशा धरून ठेवते. लाकूड त्या जागी बसलं की काढतात. ॲल्युमिनियमची मऊ तार पानझडी झाडांना, तापवून मऊ केलेली तांब्याची तार सूचिपर्णींना. जाडी फांदीच्या एक तृतीयांश, वेढे साधारण पंचेचाळीस अंशांत. चुकतं ते काढायच्या वेळेत. वाढीच्या दिवसांत फांदी झपाट्याने जाड होते आणि काही आठवड्यांत तार सालीत रुतते. मग स्क्रूच्या आट्यांसारखा व्रण कित्येक वर्षं राहतो. माणसं कमी असलेल्या संग्रहात असे व्रण हमखास दिसतात. त्यावरून नाक मुरडू नका, पण ओळखायला शिका.

झाड उपाशी ठेवून बुटकं करतात, हा दुसरा गैरसमज. कुंडीतली "माती" बघा: दोन ते सहा मिलिमीटरचे दाणे, अकादामा नावाची जपानी कडक चिकणमाती, प्युमिस नावाचा हलका सच्छिद्र दगड, लाव्हाचे खडे. पाणी त्यातून झरझर जातं आणि मुळांना हवा मिळते. म्हणून पाणी रोज, कडक उन्हाळ्यात दोनदा, आणि खत नियमित. उपाशी झाडाला इतकी दाट बारीक काडी येत नाही. पानं लहान होतात ती वारंवार खुडण्याने आणि फांद्यांची संख्या वाढल्याने. फुलं आणि फळं मात्र लहान होत नाहीत. वीतभर झाडावर भरल्या आकाराचं फळ लटकलेलं दिसलं तर ते चिकटवलेलं नाही.

पाटी वाचताना

पाटीवर बहुधा झाडाची जात, आकार, देणाऱ्याचं नाव आणि एक साल असतं. ते साल कशाचं हे नीट वाचा. "अमुक सालापासून घडवलेलं" आणि "वय अमुक" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोंगरातून आणलेल्या झाडाला जपानीत यामादोरी म्हणतात. ते आणलं तेव्हाच शंभर वर्षांचं असू शकतं. वय खात्रीने सांगायचं तर खोडातली वलयं मोजावी लागतील, म्हणून वयाचा आकडा बहुधा अंदाज असतो. बुंध्याच्या जाडीवरून वय काढू नका: जमिनीत दहा वर्षं वाढलेलं झाड कुंडीतल्या पन्नास वर्षांच्या झाडाहून जाड असू शकतं.

पाटीत किती मावत नाही, याचं उदाहरण वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. तिथल्या एका जपानी व्हाइट पाइनच्या घडणीची सुरुवात १६२५ सालची मानतात. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या झाडांमधलं ते एक, देणारे मासारू यामाकी. हे झाड ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात, स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होतं आणि भिंतीच्या आडोशाने वाचलं, हे संग्रहालयाला कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते बघायला आले तेव्हा. पंचवीस वर्षं लोक त्याच्यापुढून पाटी वाचून जात होते.

काय विचारायचं

"याची किंमत किती?" हा प्रश्न टाळा. चोरीच्या भीतीमुळे त्याचं उत्तर कुणी देत नाही, आणि विचारणाऱ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतात. त्याऐवजी: याची पुढची बाजू कधी बदलली होती का? कुंडी शेवटची केव्हा बदलली? यातली कुठली फांदी पुढच्या दोन वर्षांत काढणार आहात? शेवटच्या प्रश्नावर काम करणारा माणूस थांबतो, झाडाकडे बघतो आणि मग बोलायला लागतो.

एखादी जागा रिकामी दिसली तर काळजी नको. झाडं आळीपाळीने मागच्या जागेत जातात, कुंडी बदलायला, औषधाला किंवा नुसती ऊन खायला. सगळीकडून सारखं ऊन मिळावं म्हणून झाडं फिरवूनही ठेवतात, तेव्हा कधी तुमच्या वाट्याला पाठ येते. फांद्यांची रचना उलटसुलट वाटली तर आधी ही शंका घ्या.

फोटो

काही संग्रहांत फोटोला ठरावीक जागीच परवानगी असते, फाटकावर वाचा. तिपाई आणि फ्लॅश धरूनच चाला की नको. मोबाइलची रुंद लेन्स जवळून वापरली तर कुंडी फुगते आणि शेंडा आकसतो. दोन पावलं मागे जा, दोन पट झूम करा, मोबाइल बुंध्याच्या मध्यावर आणा, मग काढा. मागे दुसरं झाड येत असेल तर डावी-उजवीकडे वीतभर सरकून रिकामी भिंत शोधा. प्रत्येक झाडाचे तीनच फोटो: समोरून, बाजूने, आणि नेबारीचा. चौथा पाटीचा, नाहीतर घरी जाऊन कुठला मेपल कुठला हे कळत नाही.

लहान मुलांना आणायला हरकत नाही, उलट त्यांचे डोळे न वाकताच योग्य उंचीवर असतात. हात पाठीमागे धरायला सांगा आणि काम द्या: "याच्या खाली उभा राहता आलं असतं तर कुठे बसला असतास?"

बाहेर पडताना

फाटकापाशी किंवा रोपांच्या विक्रीत छोटी जुनिपर दिसतात आणि मन भरलेलं असतं, म्हणून घेतली जातात. घरात, टेबलावर ठेवलेलं जुनिपर मरतं. त्याला बाहेरचं ऊन, वारा आणि थंडी लागते. फसवणूक अशी की मुळं मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, लोक पाणी घालत राहतात, आणि पिवळं पडायला लागेल तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. घरातच ठेवायचं असेल तर फायकस घ्या, तेही भरपूर उजेडाच्या खिडकीत.

वहीत पाच झाडांपुढे एकेक ओळ लिहून ठेवा: तार कुठे होती, कुठला व्रण किती उघडा होता, कुठली जागा मोकळी होती. पुढच्या ऋतूत जाल तेव्हा साठांपैकी तीच पाच बघा, त्याच जागी वाकून, तसाच फोटो काढून. ज्या फांदीवर तार होती तिथे आता नुसती दिशा उरलेली असेल, किंवा ती फांदीच नसेल.